बबननानांचा चखणा

आमच्या परमिट रूममध्ये दर मंगळवारी दुपारी चार वाजता एक माळकरी गृहस्थ येतात. दाराशी चपला काढतात. गळ्यातली तुळशीची माळ सदऱ्याच्या आत ढकलून वरचं बटण लावतात, म्हणजे माळेला काही दिसायला नको. मग पंख्याखालच्या टेबलावर बसून चार मिनी बर्गर आणि एक मठ्ठा मागवतात. हे आमचे बबननाना.

माझं परमिट रूम कळंबच्या अलीकडे, हायवेला आहे. आमची बायको सोयऱ्यांत त्याला 'हॉटेल' म्हणते आणि मीही दुरुस्त करायला जात नाही.

नाना पारगावकडचे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं उसाच्या गाड्या तोलल्या, त्यामुळं माणसंही तोलायची सवय लागली. पहिल्या भेटीत नमस्काराच्या आधी मला म्हणाले, "पंच्याऐंशी." रात्री घरी काट्यावर उभा राहिलो, तर पंच्याऐंशीच. तेव्हापासून ते आले की मी पोट आत घेतो.

बर्गरही ते असाच तोलतात. ताटली फिरवून चारी बाजूंनी बघतात, अंगठ्यानं पाव दाबतात, तो परत वर यायला किती वेळ घेतो ते पाहतात. मग एक घास. मग निकाल. "तीळ करपल्यात." "लसूण लई झाला." वाद घातला की ठरलेलं वाक्य, "काटा खोटं बोलत न्हाई, राव."

हा पदार्थ आमच्याकडं आणला त्यांनीच. पूर्वी माझ्याकडं चखणा म्हणजे शेंगदाणे, मसाला पापड आणि उकडलेली अंडी. गेल्या वर्षी नाना घडी घातलेला एक कागद घेऊन आले. पुण्यातल्या कुठल्याशा पबचं मेनूकार्ड होतं. त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्ये तुमच्यात व्हईल का?"

ओळ होती, मासवडी मिनी बर्गर.

मासवडी आमच्या भागात कोणाला सांगायला नको. नावात मासा आहे, ताटात नाही. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसणाचं सारण गुंडाळून कापलेल्या वड्या, वर झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. ती पावात कोंबायची म्हटल्यावर आमचा आचारी दिलीप हात जोडून म्हणाला, "मालक, आमच्या आयला कळलं तर घरात घ्यायची न्हाई."

पण केलं. लिंबापेक्षा जरा मोठा पाव, तव्यावर खरपूस केलेली वडी, लसणाची चटणी. आणि गिऱ्हाईक तुटून पडलं. का, ते मला कळेना. नानांनीच समजावलं. आयुष्यात थेंब न घेतलेला हा माणूस बसलेल्या मंडळींना उभं राहून शिकवू लागला, "एका हातात गिलास असतू. मंग दुसऱ्या हातात मावंल आसंच खायला पायजे. मोठा बर्गर दोन हातानं धरावा लागतू, मंग गिलास कोन धरनार, मी? ह्यो दोन घासात खलास. त्वांड बोलाय मोकळं. आन् चार आल्यात म्हंजे येक शेजारच्याला द्यावाच लागतू." एका पावण्यानं खरोखरच त्यांच्यापुढं एक सरकवला. नानांनी अंगठ्यानं दाबून तो परत केला.

सगळ्यांना आवडलेला हा बर्गर नानांना मात्र एकदाही पसंत पडला नाही. दिलीप रडकुंडीला आला. शेवटी मी वैतागून विचारलं, "नाना, तुम्हाला नक्की कसा पाहिजे?"

नानांनी मठ्ठा ढवळला. मग म्हणाले, "संत्याची आय करायची तसा."

तेव्हा उलगडा झाला. तो पब त्यांच्या मुलाचा, संतोषचा. आई गेल्यावर त्यानं कंपनीतली नोकरी सोडून तो काढला. नानांनी भर पाहुण्यांत सांगितलं, "तुज्या गुत्त्याची पायरी चढनार न्हाई." तोही बापाचाच पोरगा, परत आला नाही. दोन वर्षं बोलणं बंद. मेनूकार्ड कोणी भाच्यानं आणून दाखवलं, आणि बायकोची मासवडी दारूच्या टेबलावर बघून नानांची झोप उडाली. राग होताच, पण त्याहून मोठा प्रश्न होता, पोराला ती जमली का?

"मग माझी पायरी कशी चढता?" मी म्हटलं.

"तुजी हाय ती. त्याची कुटं हाय?"

 मला त्या दिवशी नानांची फार माया आली.

गेल्या सोमवारी पुण्याला गेलो होतो. वाट वाकडी करून त्या पबात शिरलो, एक प्लेट बांधून मागितली. कळंबहून आलोय म्हटल्यावर काउंटरवरचा माणूस, चेहरा थेट नानांचा, माझ्याकडं बघत राहिला.  उठला, स्वतः आत गेला आणि बऱ्याच वेळानं स्वतःच्या हातानं डबा घेऊन आला.

मंगळवारी ते बर्गर तव्यावर गरम करून आमच्याच ताटलीत नानांपुढं ठेवले. नानांनी ताटली फिरवली. पाव दाबला. एक घास घेतला आणि चावायचे थांबले.

दिलीप दाराआडून बघत होता. मी उगाच टेबल पुसत होतो.

"ह्ये दिलीपचं न्हाई," नाना म्हणाले.

"त्याचंच आहे की."

"तीस वर्सं काट्यावर काडली, भाऊ. वजन वाडवायला उसाच्या मोळ्यांत मान्सं लपून बसायची. टायर बगून मला कळायचं आत कोन हाय म्हून." त्यांनी हातातल्या अर्ध्या बर्गरकडं पाहिलं. "ह्यात संत्याची आय बसलीया."

माझे डोळे भरून आले. चार वाजता दुपारी मालकानं गिऱ्हाइकासमोर रडावं हे बरं दिसत नाही, म्हणून मी आत जाऊन कांद्यांच्या पाटीजवळ उभा राहिलो.

बाहेर आलो तर नानांनी दोन संपवले होते. माळ सदऱ्याबाहेर आली होती, त्यांच्या लक्षात नव्हतं.

"त्याच्या हाटेलाला पायऱ्या किती हैत रं?" त्यांनी विचारलं. "माजं गुडघं दुखत्यात."

"दोनच आहेत, नाना."

"मंग जमंल," नाना म्हणाले, आणि तिसरा बर्गर न दाबताच तोंडात टाकला.