सात नंबरची छाती

माणूस भेटला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. परबकाका छातीकडे बघतात. परळच्या आमच्या हॉस्पिटलात मी सर्जन म्हणून रुजू झालो त्या दिवशी मी त्यांना "नमस्कार" म्हणालो, तर ते म्हणाले, "श्वास घ्या." मी घेतला. "सोडा." सोडला. मग मान तिरकी करून त्यांनी निकाल दिला, "डावी बाजू जरा आळशी हाय. बाकी ठीक." नमस्कार त्यानंतर झाला.

काका आमच्या ऑपरेशन थिएटरचे टेक्निशियन. हा निकाल त्यांनी मोठ्या सरांना, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनाही दिलाय, लिफ्टमनला दिलाय, आणि दादरच्या बाजारात शेवग्याच्या शेंगा विकणाऱ्याला तर शेंगांचा भाव विचारायच्या आधी. बायकांच्या बाबतीत ते फार मर्यादशील. त्यांना नुसतं खोकायला सांगतात, तेही स्वतः पाठ फिरवून.

स्वतःच्या छातीबद्दल मात्र अवाक्षर नाही. भर मे महिन्यात, पंखा बंद पडलेला असतानाही शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आत जाड बनियन. थिएटरचे हिरवे कपडे आम्ही सगळे एका खोलीत बदलतो, काका बाथरूममध्ये जाऊन कडी लावतात. "सर्दीची प्रकृती हाय," म्हणतात. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना शिंकताना कोणी पाहिलेलं नाही.

राहणं काळाचौकीला. वडील लालबागच्या कारखान्यात गणपती घडवायचे, त्यामुळे हे मातीत हात घालूनच वाढले. या कलेचा उपयोग आमच्या विभागाच्या परिषदेला झाला. छातीच्या पिंजऱ्यावरच्या शस्त्रक्रिया हा परिषदेचा विषय. पहिला दिवस हातांनी शिकण्याचा, दुसरा निबंध वाचण्याचा. काही मुलांची छाती मधोमध आत खचलेली असते. त्यांच्या बरगड्यांखालून एक वाकवलेली स्टीलची पट्टी सरकवायची आणि उलटी फिरवायची, म्हणजे खचलेलं हाड वर येतं. खरी मेख पट्टी वाकवण्यात आहे. ती ज्याच्या त्याच्या छातीबरहुकूम, हाताने वाकवावी लागते. त्याच्या सरावासाठी पूर्वी बाहेरून रबरी छात्या यायच्या, सगळ्या एकसारख्या.

"माणूस साच्यातसून येता काय?" काका म्हणाले. राग आला किंवा मन भरून आलं की ते मालवणीवर उतरतात.

त्यांनी स्वतः बारा छात्या केल्या. वेताच्या बरगड्या, सायकलच्या ट्यूबची कूर्चा, वर रबराची कातडी. रंग कारखान्यात उरलेला. त्यामुळे पहिल्या वर्षी बाराही छात्या गुलाबी आणि वर सोनेरी झाक मारणाऱ्या निघाल्या. चेन्नईहून आलेल्या एका डॉक्टरांनी तर पट्टी हातात घेण्याआधी हात जोडले. काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "गणपतीचं पोट सोपं, डॉक्टर. छाती कठीण," एवढंच म्हणाले.

या बारांत सात नंबरची छाती म्हणजे शिकाऊ डॉक्टरांचा कर्दनकाळ. मधोमध खोल खड्डा, तोही डावीकडे पिळलेला, आणि उजव्या बरगड्या बाहेर डोकावणाऱ्या. दरवर्षी काका त्या टेबलापाशी उभे राहून हाका मारायचे, "सातवर कोण बसतंय? रिकामा हाय!" कोणी बसायचं नाही. बसलंच तर चहाच्या सुट्टीला उठायचं ते परत यायचं नाही. संध्याकाळी बाकीच्या अकरा छात्या गोणीत जायच्या. सातला काका घरून आणलेल्या टॉवेलात गुंडाळायचे.

या वर्षी माझा निबंध होता, पिळलेल्या छातीवर. त्यात मला सातचा फोटो हवा होता. मोठे सर म्हणाले, "ही खऱ्या माणसावरून केलेली दिसते. त्याच्या संमतीचा फॉर्म आण." पेशंटच्या सहीशिवाय आमच्याकडे फोटो दाखवत नाहीत. मी काकांना गाठलं.

"तो सही करूचो नाय," काका म्हणाले.

"का?"

"लाजता."

"पत्ता द्या, मी जाऊन समजावतो."

"तुमका तो गावचो नाय." म्हणजे सापडायचा नाही. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात मी रिटायर. ही माझी शेवटची परिषद. आधी सातवर पट्टी बसवून दाखवा. मग सहीचं बघू."

झालं! माझा निबंध सातच्या बरगड्यांत अडकला.

पहिल्या दिवशी मी सातवर बसलो. शेजारच्या टेबलांवर पंधरा मिनिटांत पट्ट्या बसल्या, टाळ्या झाल्या. माझी पट्टी डावीकडे बसवावी तर उजवं टोक वर यायचं. उजवं दाबावं तर काका कळवळायचे, "जबरदस्ती नको!" तीन पट्ट्या मी वाया घालवल्या. सगळे चहाला गेले. मी पुस्तकात दाखवलेली दोन्हीकडे सारखी कमान काढत होतो.

"पुस्तकातली छाती इसरा," काका म्हणाले. "हात ठेवा. खंय ओढता ता बघा."

मी हात ठेवला. चौथी पट्टी डावीकडे चांगली वाकवली, उजवीकडे जवळजवळ सरळ ठेवली. आत सरकवली, फिरवली. रबराची कातडी हळूहळू वर आली आणि सपाट झाली.

"बसली?"

"बसली."

काकांनी एक हात सातवर ठेवला, दुसरा स्वतःच्या शर्टावर. "श्वास घे," ते त्या रबराला म्हणाले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी मात्र निबंध सुटला या आनंदात चहा प्यायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या हातात पाकीट दिलं आणि चालते झाले. आत फॉर्म. पेशंटचं नाव: रमाकांत परब. वय: अठ्ठावन्न. तक्रार: दुखत नाही. शर्ट काढता आला नाही. खाली सही.

मला मनापासून लाज वाटली. आम्ही सगळे छातीचे डॉक्टर. तीस वर्षांत आमच्यातल्या एकानेही या माणसाला श्वास घ्यायला सांगितलं नव्हतं.

निबंध वाचला. पडद्यावर सातचा फोटो आला तेव्हा काका शेवटच्या रांगेमागे दाराला टेकून उभे होते. नंतर मी त्यांच्याकडे गेलो. "कधी बोलला का नाहीत?"

"मी लहान होतंय तेव्हा पट्टी नव्हती. पट्टी इली तेव्हा हाडा घट्ट झाली," ते म्हणाले. "माझी तशीच ऱ्हवली. पण असल्या छातीत पट्टी बसता, इतका तरी कळला."

"काका, श्वास घ्या," मी म्हणालो.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि घेतला.

"सोडा."

सोडला.

"डावी बाजू जरा आळशी आहे," मी म्हणालो. "बाकी ठीक."

"माका ठावक आसा," काका म्हणाले, आणि सातसाठी टॉवेल उलगडायला लागले.