दहा दिवसांत पाच कण

दिव्यानीची मुलाखत दुपारी चारला होती आणि मारुतीच्या देवळामागची खोली सोडली, तर गावात कुठेच रेंज नव्हती. अवकाशातली क्ष-किरण दुर्बीण दहा दिवस तिच्या दूरच्या दीर्घिकांकडे वळवायची की नाही, हे पुण्याची समिती आज ठरवणार होती. नाही म्हणाली, तर पीएचडी आणखी वर्षभर लांबली.

खोलीपलीकडे सप्ताहाचा मंडप भरला होता, पण कीर्तनकार भैयाजी महाराज आलेच नव्हते. गोंडपिपरीच्या अलीकडे रस्त्यावर वाघ बसला होता. तो उठल्याशिवाय गाडी निघणार कशी? टाळकरी टाळ मांडीवर ठेवून बसले होते. श्रवणाला आसुसलेले कान मोठे उदार असतात, जे पडेल ते प्रसाद म्हणून घेतात.

दिव्यानीने कॅमेरा बंद ठेवून मुलाखत सुरू केली. समितीचे अध्यक्ष बोलू लागले, पण लॅपटॉपमधून नव्हे. सकाळी तिच्या बाबांनी, गोविंदाभाऊंनी, भूपाळ्या लावायला लॅपटॉप मंडपाच्या भोंग्याला बिनतारी जोडला होता. तो तसाच जोडलेला राहिला होता.

"दहा दिवस बघत बसायचं, आणि हाती काय? प्रकाशाचे पाच कण!" भोंगा गरजला.

मंडप सावरून बसला. पेटीवरचे गोविंदाभाऊ गहिवरले.

"महाराजच हायेत! फोनवरूनच कीर्तन लावलं बाप्पा, वाघापाशी बसून!"

चैतूने मृदंगावर थाप टाकली.

"अब्जावधी प्रकाशवर्षं दूर. डोळ्यांना दिसत नाही," भोंगा म्हणाला. "मग ते तिथं आहे, हे कशावरून?"

"जय हरी विठ्ठल!" महाराज प्रश्न टाकतात आणि मंडप उत्तर देतो, ही तिथली रीत.

"मागे मृदंग वाजतोय का?"

"वाजून राह्यला ना, महाराज!" चैतूने लय वाढवली.

आत दिव्यानी लॅपटॉपवर झेपावली. आवाज बंद करायच्या घाईत तिने तो वाढवला.

"हे पाच कण म्हणजे नुसता गोंगाट नसेल कशावरून?" भोंग्याने सारं गाव हादरवलं.

मंडपात खोलीच्या खिडकीलगत बसलेल्या तिच्या आत्या, गिरजाबाई, उठल्या. त्यांच्या गळ्याला माइक लागत नाही.

"हे पाहा महाराज, मंडपात कोणी ना कोणी खोकलतेच. एकडाव इथी, एकडाव तिथी. तो झाला गोंगाट. पण एकाच खांबापासून रोज खोकला आला, त तिथी माणूस बसला हाय! दिसो का नाई दिसो! अन् जितके जास्त दिवस ऐकान, तितकी खात्री पक्की!"

मृदंग थांबला. दिव्यानीने डोळे मिटले. वर्ष गेलं!

भोंग्यातून चार-पाच जणांचं हसू फुटलं.

"दहा कशाला, बारा दिवस घ्या," अध्यक्ष म्हणाले. "आणि दिव्यानी, त्या बाईंचं नाव सांगा. अहवालात नोंदवायचं आहे."

गिरजाबाईंचा चेहरा उतरला.

"अव्वा! हे महाराज नाई, साहेब हाय कोणी! नाव काहून लिहून राह्यला?"

त्या लगबगीने खोलीत शिरल्या, दिव्यानीला बाजूला सारलं आणि लॅपटॉपला तोंड लावून अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "साहेब, गिरजाबाई इथी नाई. सकाळच्याच गाडीनं वडसाले गेली."

"गिरजाबाई," अध्यक्षांनी लिहून घेतलं.