तिसरं बोट

आमच्या पुंडलिकनगरातल्या गल्लीत रोज सकाळी सव्वासातला भानुदासकाकांच्या ओट्यावर तीन टॅब्लेट एका रांगेत मांडलेले असायचे. रांग दोरी धरून सरळ केलेली. ओटा कुठं उतरता नाही ना, हे गवंड्याची पाणसळ ठेवून पाहिलेलं. तिन्हींवर एकाच वर्तमानपत्राचं एकच पान उघडायचं, आणि तेही एकाच क्षणी बोट टेकवून. काकांना हात दोनच. म्हणून तिसऱ्या टॅब्लेटला माझं बोट.

"पंच हजर?" काका विचारायचे.

"हजर."

मग ते स्टॉपवॉच दातांत धरायचे, कारण हात रिकामे नसत. नाकातून "हूं" असा आवाज आला की तिन्ही बोटं टेकवायची आणि त्यांनी घड्याळ दातानं दाबायचं. पान उघडलं की सेकंद वहीत लिहायचे आणि खाली मी सही करायची. एकदा सायकलवरून जाणारा दूधवाला हे बघत बघत खांबावर आदळला. काकांनी आधी मोजणी पुरी केली, मग त्याला उचललं.

बायकोला मी सांगितलं आहे की काकांची गंमत लिहून काढतोय. ते खरं नाही. मला एक गोष्ट कबूल करायची आहे आणि ती सांगायला मी धीर गोळा करतो आहे. तोवर गंमत सांगतो.

काका सरकारी मोजणीदार होते. सगळी नोकरी बांधांवरून चालण्यात गेली. त्यांचा नियम एकच, "मोजल्याबिगर बोलायचं नाय." माप तीनदा घ्यायचं आणि पंचाची सही झाल्याशिवाय ते माप मानायचं नाही. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला आम्ही त्यांना केक कापायचा मान दिला, तर त्यांनी खिशातून दोरी काढून आधी केकचा घेर मोजला. मुलं ताटकळली, मेणबत्त्या विझल्या. पण तुकडे असे पडले की त्या दिवशी पहिल्यांदा कुणाचं भांडण झालं नाही.

निवृत्तीनंतर मोजायला जमीन उरली नाही. मग हे तीन टॅब्लेट आले. तिन्हींची कार्यप्रणाली वेगळी, आणि काकांनी त्यांना नावं दिली होती: सासर, माहेर आणि कचेरी.

"हे सासर बघा," ते चकचकीत टॅब्लेट उचलून सांगायचे. "सगळं जागच्या जागी. भांड्याला भांडं लागत नाय. पण पाण्याचा तांब्या उचलायचा तरी इचारून. आन् हे माहेर. कुठंबी लोळा, कायबी खा, कुणी इचारत नाय. पर घरात पसारा लई. कोण आलं, कोण गेलं, पत्ता नाय."

"आणि कचेरी?"

"काम होतं तिथं. पण आपण गेलो की साहेब नेमका जेवायला." तिसरा टॅब्लेट त्या वेळी हमखास स्वतःला अद्ययावत करत बसलेला असायचा.

प्रत्येकावर त्यांनी चार-चार ब्राउझर घालून पाहिले होते. पान उघडलं म्हणजे वाचता आलं असं ते मानत नसत. "दार उघडलं, पर उंबऱ्यात चार जाहिराती आडव्या पडल्या तर म्हातारं माणूस आत कसं जाणार?" असं ते म्हणायचे. जाहिरात बंद करायची फुली किती बारीक आहे, हेसुद्धा पट्टीनं मोजून वहीत लिहिलेलं होतं. वर्तमानपत्राच्या ॲपवर तर त्यांचा भारी राग. "पेपर वाचायचाय मला. ह्याला माझ्या पाहुण्यारावळ्यांचे नंबर कशाला पायजेत? सोयरीक जुळवायलाय का?"

अक्षर किती मोठं होतं, मोठं केल्यावर ओळ पडद्याबाहेर पळते का, हे वेगळ्या रकान्यात. आणि सगळ्यात लांबलचक रकाना मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या आवाजाचा. सासरची बाई शुद्ध बोलायची, पण काकांच्या मते तिला जीव नव्हता. माहेरची बाई पूर्णविरामाला थांबायचीच नाही, सुटलेल्या एसटीमागं धावल्यासारखी वाचायची. कचेरीला तर मराठी येतच नव्हतं. ती मराठी पान बघून गप्प बसायची.

"काका, तुम्हाला तर चष्मा लावून सगळं स्वच्छ दिसतं. हे सगळं कुणासाठी?" मी एकदा विचारलं.

"निकाल लागायच्या आधी हद्द सांगायची नसती, सुरेशराव."

पहिला महिना मला मजा वाटली. दुसऱ्या महिन्यात ऑफिसला उशीर व्हायला लागला. तिसऱ्या महिन्यात मी बोट टेकवायचो आणि बघायचो मात्र गल्लीच्या तोंडाकडे. काका सेकंद सांगायचे, मी सही ठोकायचो. सकाळी निघताना बायको म्हणायची, "निघाले पंच! घरातल्या गॅसची टाकी संपलीय, त्यावर पण एक सही करून जा."

मी क्रांती चौकातल्या एका बियाण्यांच्या कंपनीत आहे. दर बुधवारी माझी कन्नड तालुक्यात फेरी असते. मे महिन्यात काकांनी एका पिशवीत तिन्ही टॅब्लेट, स्टॉपवॉच आणि वही घालून माझ्या हातात दिली.

"देवगाव रंगारीला जाताच ना? गावाच्या पार टोकाला एक लिंबाचं झाड हाय, त्याच्यासमोर निळ्या दाराचं घर. घरात जायचं काम नाय. झाडाखाली उभं राहायचं आन् तिन्ही तीनदा मोजायचे. तिथं रेंज कच्ची हाय. शेवटची मोजणी हीच. मग निकाल."

"तुम्हीच चला ना, गाडी आहे."

"मला तिथं जाता येत नाय," एवढंच ते म्हणाले आणि पिशवीचे बंद पुन्हा पुन्हा आवळत राहिले.

त्या बुधवारी ऊन भयंकर होतं. दुकानदारांशी बोलून माझं डोकं उठलं होतं. मी स्टँडजवळच्या हॉटेलात पंख्याखाली बसलो, दोन चहा घेतले आणि पिशवीतून फक्त वही काढली. सासरसमोर लिहिलं सहा, सहा, सात. माहेर अकरा, बारा, अकरा. कचेरी वीस, एकवीस, वीस. खाली सही केली. टॅब्लेट बाहेर काढलेसुद्धा नाहीत. मला वाटलं, एका रिकामटेकड्या म्हाताऱ्याच्या वहीतल्या आकड्यांनी कुणाचं काय बिघडणार आहे?

काकांनी ती पानं चष्मा पुसून दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सासर नव्या कापडात गुंडाळलं, अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवली, आत सिमकार्ड घातलं आणि एसटीच्या पार्सलनं देवगावला धाडून दिलं. त्या संध्याकाळी गल्लीत त्यांनी पहिल्यांदा कुणाला तरी न मोजता शेंगदाणे वाटले.

चौथ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर गेलो तेव्हा काका फोनवर होते. पलीकडचा बाईचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

"मामा, ती पाटी नुसती गोल गोल फिरतीय. दोन दिस झालं, एक अक्षर उमटलं नाय. सासूबाईंनी उशाशी घेतली व्हती, आता बाजूला सारली."

"काय म्हणली का ती?"

"म्हणल्या, जलमभर मोजत बसला, आन् माझ्यासाठी धाडलं ते न मोजता."

काकांनी फोन ठेवला. मग त्यांनी मला सगळं सांगितलं, बांधाची हकिगत सांगावी तसं सरळ, आवाज न हलवता. निळ्या दाराचं घर त्यांच्या थोरल्या बहिणीचं. आई लवकर गेल्यावर अक्कानं शाळा सोडून ह्यांना वाढवलं. पण वाचायचा नाद तिचा सुटला नाही. सासरी गेल्यावरही ओट्यावर बसून साऱ्या आळीला पेपर वाचून दाखवायची. अकरा वर्षांमागं अक्काच्या शेताची शेजाऱ्याशी हद्दीवरून तक्रार झाली. साहेब दुसरा माणूस पाठवत होते, पण हे हट्टानं स्वतः गेले, दुसरा खोटं मोजील म्हणून. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा अक्काची विहीर शेजाऱ्याच्या हद्दीत निघाली.

"माप खरं व्हतं," काका म्हणाले. "ती म्हणली, पुन्हा माझ्या दारात येऊ नको. तेव्हापासून बोलणं नाय. आता तिची नजर गेल्यागत झालीय, सूनबाईनं कळवलं. पेपर हातात धरून नुसती बसती म्हणं."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "होतं असं कधीकधी, नेटवर्कचा काही नेम नसतो." एवढं बोलून ऑफिसला निघून गेलो.

त्यानंतर ओट्यावर टॅब्लेट मांडले गेले नाहीत. आता तिथं एक साधा फोन असतो. सव्वासातला काका देवगावला लावतात, सूनबाई उचलते आणि बाजेवर अक्कापाशी ठेवून कामाला निघून जाते. काका कागदाचा पेपर उघडतात आणि मोठ्यानं वाचायला लागतात. मथळे, कन्नडचा भाजीबाजार, निधनवार्ता, हवामान. पूर्णविरामाला थांबतात. पलीकडून चकार शब्द येत नाही. केव्हातरी पलीकडून फोन तुटतो, मग काका किती मिनिटं चालला ते वहीत लिहितात आणि मी सही करतो. आता मी खरोखर बघून सही करतो. शेवटच्या रकान्याला त्यांनी नाव दिलं आहे, 'आवाज'. तो रोज रिकामा असतो.

परवा निधनवार्ता वाचता वाचता काका एकदम थांबले. फोनकडे वाकले, मग माझ्याकडे वळले. चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

"हूं म्हणली. आत्ता. तुमी ऐकलं ना?"

त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली. आवाजाच्या रकान्यात 'हूं' लिहिलेलं होतं. खाली सहीची जागा.

मी काही ऐकलं नव्हतं. गल्लीतून एक रिक्षा गेली होती, तेवढंच. एक सही करायची होती. आधीच्या सहीपेक्षा ही कितीतरी भल्यासाठी झाली असती. पण माझ्यानं पेन टेकवेना.

"काका, मी नाही ऐकलं," मी म्हणालो. आणि मग तोंड थांबेना. "आणि देवगावलाही मी मोजलं नव्हतं. झाडापाशी गेलोच नाही. हॉटेलात बसून आकडे लिहिले."

काकांनी चष्मा काढला. काच पुसून पुन्हा लावला.

"सहा, सहा, सात," ते म्हणाले. "कच्च्या रेंजमधी माप इतकं गुणी येत नसतं. पहिल्या दिवशीच ध्यानात आलं व्हतं."

"मग पाठवलंत का?"

"पंचाची सही व्हती," काका म्हणाले. "सहीवर इश्वास ठेवायचा, ही आमची रीत."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पेन घेतलं, 'हूं'वर एक सरळ आडवी रेघ मारली, पुढं लिहिलं, 'पंचाने ऐकले नाही', आणि वही माझ्याकडे दिली. मी सही केली. माझं नाव मला वाचवेना.

पेपर ओट्यावरून घसरला होता. तो उचलायला मी वाकलो आणि फोनकडे नजर गेली. किती मिनिटं झाली ते आकडे अजून पळत होते. आमचं एवढं सगळं बोलणं झालं, मध्ये इतका वेळ कुणी काही वाचलं नाही, तरी पलीकडून फोन तोडलेला नव्हता.

मी काकांना बोटानं दाखवलं. ते त्या आकड्यांवर वाकले. मग त्यांनी स्टॉपवॉच गळ्यातून काढून माझ्या हातात दिलं आणि पेपरची घडी सारखी केली.

"मोजा," ते हळूच म्हणाले, आणि अर्ध्यात राहिलेली निधनवार्ता पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.