विटांवर उभी राहिलेली गाडी

आरती भोकरला माहेरी गेली, त्याच दुपारी व्यंकट सोनटक्के सरांनी स्वतःच्या गाडीची चारी चाकं काढून घेतली. काम गुपचूप उरकायचं होतं. आरतीच्या धाकट्या भावाला, वैजनाथला, त्याचा वासही लागू द्यायचा नव्हता. आणि आरतीला कळलं की ते वैजनाथला कळणार, हे सांगायला ज्योतिषाची गरज नव्हती.

गाडी मूळची वैजनाथची. त्यानं नवी घेतली तेव्हा जुनी दाजींना दिली. देताना तिच्या बॉनेटवरून असा हात फिरवला होता, की बघणाऱ्याला वाटावं, लेक सासरी चालली आहे. तेव्हापासून आरतीचं एकच पालुपद होतं, "गाडीला काई करू नका ओ. वैजूच्या मनाला लई लागंल." सरांनी एकदा सीट कव्हर बदलायचा विषय काढला, तर तिनं हातातली भाजी खाली ठेवून त्यांच्याकडे असं पाहिलं, की सरांना आपण मेहुण्याचं नाव बदलायला निघालो आहोत की काय असं वाटलं.

पण अलॉयच्या चाकांनी जीव मेटाकुटीला आणला होता. वरचं लॅकर सुटलं होतं, खालून पांढरे फोड आले होते आणि बोट लावलं की पापुद्रे हातात येत होते. त्यात डावीकडचं पुढचं चाक रोज सकाळी बसलेलं असायचं. सरांनी दोनदा पंक्चर काढायला नेलं, दोन्ही वेळा पंक्चर सापडलंच नाही.

नांदेडच्या लातूर फाट्याजवळ चाकं नवी करून देणाऱ्या नागसेननं ते एकदा उलटसुलट फिरवून बघितलं.

"सर, हे नुसतं दिसायचं दुखणं न्हाई. रिमचा काठच खाल्लाय. टायर तिथं चिटकत न्हाई म्हणून हवा जाऊन राहिली. गाडी बोअरच्या पाण्यानं धुता का?"

"रोज," सर अभिमानानं म्हणाले.

"मग बरोबर हाय. खाऱ्या पाण्यानंच खाल्लाय."

पुढच्या आठवड्यात वैजनाथच्या मुलीचं, पुनमचं, लातूरला लग्न होतं. लहानपणापासून ज्या गाडीतून हिंडलो, त्याच गाडीतून लग्नाला जाणार, असं पुनमनं ठरवलं होतं. नवरीला घेऊन भोकरहून लातूरला निघायचं आणि लोह्याच्या अलीकडे चाक बसायचं, या कल्पनेनंच सरांना दरदरून घाम फुटत होता. आरती पापड-शेवयांसाठी आधीच माहेरी गेली, ही संधी होती. नागसेन टेम्पो घेऊन आला. दोघांनी मिळून गाडी विटांवर चढवली. सरांनी नट पुसून, मोजून एका डब्यात ठेवले, डबा डिकीत ठेवला. गाडीवर जुनी चादर टाकायची राहिली. तेवढीच एक चूक.

संध्याकाळी शेजारच्या पारूबाई दुधाची पिशवी आणायला बाहेर पडल्या आणि सोनटक्क्यांच्या फाटकाशी थबकल्या. सर शाळेच्या मीटिंगसाठी एसटीनं लोह्याला गेलेले. घराला कुलूप. अंगणात गाडी, आणि गाडीला पाय नाहीत. पारूबाईंनी आधी फोटो काढला, मग आरडाओरडा केला.

सर बसस्टँडवर उतरले तेव्हा फोन वाजला.

"अहो! चाकं गेली म्हणं? चारीच्या चारी? तुमी कुठं होता?" आरतीचा आवाज फुटत होता.

"अगं, ऐक तर आधी..."

"काय ऐकू? पारूमावशीनं फोटो धाडलाय. इथं पुनम रडून राहिली, माय गं!"

खरं सांगायची वेळ हीच होती. सरांनी तोंड उघडलंही. पण तेवढ्यात वैजनाथनं फोन घेतला.

"दाजी, बिलकुल फिकर करू नका. चाकंच गेली ना? तुमी तर सलामत हाव ना? मी सकाळी येऊन राहिलो."

"अरे, तुझ्या घरी लग्न..."

"लग्नाचं बघतील इथं चार माणसं. माझ्या दाजीच्या दारात चोर येतो म्हंजे काय!"

आणि फोन बंद झाला. आता खरं सांगायचं म्हणजे गाडीला दुरुस्ती लागली हे तर सांगायचंच, वर पुनमला उगाच रडवलं हेही कबूल करायचं. त्यापेक्षा चोर परवडला.

सकाळी वैजनाथ आला. गाडीभोवती फिरला, खाली बसला, विटांना हात लावून बघितला.

"दाजी, चोर सराईत हाय. विटा बघा कशा लेवलमधी लावल्यात. गाडी एका बाजूला जराबी कलंडली न्हाई."

"हो ना," सर म्हणाले. विटा त्यांनी लावल्या होत्या. त्यांना जरा बरं वाटलं.

वैजनाथनं डिकी उघडली. आत डबा, डब्यात नट, प्रत्येक नट पुसलेला. तो थक्क झाला.

"नट ठेवून गेला! वर पुसून! एवढा सभ्य चोर म्या जल्मात बघितला न्हाई."

"चांगल्या घरचा असंल," कुंपणापलीकडून पारूबाई म्हणाल्या. "परिस्थितीनं पडला असंल ह्या धंद्यात."

पोलिसांत जाऊ, असं वैजनाथ म्हणाला. शुभकार्याच्या तोंडावर ते झंझट कशाला, पुनमचं लग्न एकदा पार पडू दे, असं त्यांनी कसंबसं समजावलं. वैजनाथला दाजींचं मन केवढं मोठं आहे हे नव्यानं कळलं. तो डोळे पुसत म्हणाला, "तुमी आराम करा. मी बघतो काय करायचं ते," आणि गाडी काढून निघून गेला.

तो चोर शोधायला भंगारवाल्यांकडे गेला असणार, असं सरांनी धरलं. तरी खबरदारी म्हणून नागसेनला फोन केला. "हे बघ, कुणी विचारलं तर माझं नाव सांगायचं नाही."

"सर, चाकंच करायलो ना आपण? बाँब न्हाई," नागसेन म्हणाला. पण कबूल झाला.

पुढचा दिवस सरांनी शाळेत कसाबसा काढला. चाकं तयार होतील, चकाकतील, गाडीला बसतीलही. पण आरतीला सांगायचं काय? चोरानं चाकं नेली, नवी करून आणली आणि परत लावून गेला? तो कितीही चांगल्या घरचा असला तरी एवढं कोण करतं?

त्याच विचारात असताना नागसेनचा फोन आला.

"सर, तुमची चाकं भट्टीतनं निघाली. कडक झाली एकदम. टायरं बी चढवली. पण घोळ असा झालाय, एक गिऱ्हाईक दुकानात येऊन बसलंय. त्याच्या पाव्हण्याच्या गाडीला अशीच पाहिजेत म्हणतो. दुसरी कोणतीच बघंना. तुमी हाव म्हणला, तर ही त्याला देतो आणि तुमाला माझ्याकडची ती काळी, नवीकोरी बसवून देतो. टायरासकट. साईझ एकच हाय."

सरांना ती काळी चाकं आठवली. दुकानात टांगलेली, पाच पाकळ्यांची. पहिल्याच दिवशी सरांचा जीव त्यांच्यावर गेला होता. आणि आता तर सगळं कोडंच सुटत होतं. जुनी चोरीला गेली, म्हणून नवी आणली. कुणी एक शब्द विचारणार नाही.

"देऊन टाक!" सर म्हणाले. "कोण आहे बिचारा?"

"नाव न्हाई विचारलं. तुमचं नाव सांगू नको म्हणला, मग त्याचं तरी कशाला विचारू?"

त्या दिवशी सर शीळ घालत घरी आले. फाटकात वैजनाथची गाडी उभी होती, आणि पारूबाई ओवाळणीचं ताट घेऊन.

"दाजी, डोळे मिटा!" वैजनाथ ओरडला. सरांनी मिटले. "उघडा!"

अंगणात चार चाकं मांडली होती. रुपेरी, आरशासारखी. वैजनाथचा ऊर भरून आला होता.

"सगळं नांदेड पालथं घातलं, दाजी. सेम टू सेम! तुमच्या गाडीलाच जन्माला आल्यावानी!"

सरांनी वाकून एक चाक फिरवलं. सहस्रकुंडला जाताना इस्लापूरजवळच्या खड्ड्यात आतल्या बाजूला आलेला पोचा त्यांना ओळखू आला. पोच्यालाही ते ओळखीचे वाटले असावेत. सर मटकन ओट्यावर बसले.

"रडू नका दाजी," वैजनाथ त्यांच्याशेजारी बसला. "खरं सांगू का? चोरानं लई बरं केलं. ती जुनी चाकं बघून माझाच जीव तुटायचा. कितीदा वाटायचं, दाजीला सांगावं, नवी करून घ्या म्हणून. पण ताईनं ताकीद दिलती. म्हणली, तुझ्या दाजीचा त्या गाडीवर लई जीव हाय, तिला नाव ठेवलेलं खपत न्हाई त्यांना."

सरांनी मान वर केली. "असं म्हणाली ती?"

"हाव. का?"

मग सरांनी पारूबाई घरात गेल्याची खात्री केली आणि सगळं सांगितलं. बोअरच्या पाण्यापासून काळ्या चाकांपर्यंत. वैजनाथ आधी ऐकत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मग तो हसता हसता ओट्यावर आडवा झाला.

"म्हंजे तुमचीच चाकं... तुमालाच आहेर केली म्या!"

"आणि मी खुशीनं देऊन टाकली," सर म्हणाले, आणि त्यांनाही हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी ती काळी चाकं वैजनाथच्या गाडीला नेमकी बसली. दाजींनी मेहुण्याला केलेला आहेर म्हणून. आरतीला यातलं काहीच सांगायचं नाही, यावर दोघांचं एकमत झालं. दोघांचं इतक्या वर्षांत झालेलं ते पहिलंच एकमत. लातूरला दोन्ही गाड्या मांडवासमोर झळकत उभ्या राहिल्या, पुनम हसत उतरली, आणि आरती जो भेटेल त्याला भावाचं कौतुक सांगत राहिली.

लग्न आटोपून सर आणि आरती नांदेडला परतले, तर पारूबाईंच्या फाटकाबाहेर, अगदी रस्त्यावर, त्यांच्या मुलाची जुनी गाडी उभी होती. तिच्या चाकांवरही पांढरे फोड आले होते. आणि प्रत्येक चाकाशेजारी चार-चार विटा नीट रचून ठेवल्या होत्या.

"मावशी, हे काय?" आरतीनं विचारलं.

"गाडी बाहीरच ठेवायलो आता," पारूबाई हळूच म्हणाल्या. "त्या चोराला इटा हुडकत बसाया नको. आणि माझा भाऊ बी उदगीरात चांगला कमवायलाय, माय. बघू तरी काय आणतो ते."