स्थळ नंबर सात

लोक संगणकावर फाईल शोधत बसतात. मी बसत नाही! बोरीवलीतल्या आमच्या अख्ख्या सोसायटीत दोन खिडक्यांचा फाईल मॅनेजर वापरणारा मी एकटाच. एक फोल्डर डावीकडे, दुसरा उजवीकडे, मधे रेघ. एक बटण दाबलं की इकडची फाईल तिकडे. बाकीच्यांनी खुशाल पसारा मांडावा, आपल्याला काय!

साहजिकच मिहिरसाठी आलेली स्थळंही मी याच शिस्तीत बसवली. डावीकडे ‘नकार’, उजवीकडे ‘पसंत’. फायलींना नावं नाहीत, फक्त नंबर.

“अहो, नावं घाला ना,” आमची मृणालिनी म्हणाली.

“नावांनी माणूस भावनिक होतो!”

“बरं. स्वतःचा मुलगा ओळखा म्हणजे झालं.”

शुक्रवारी मृणालिनीचं फर्मान सुटलं. “मिहिरचं ठरलंय. पसंतमध्ये आहेत त्यांना रविवारी पाचला बोलवा, बाकीच्यांना गोड शब्दांत नाही कळवा. मी ताईकडे मुलुंडला निघालेय. जमेल ना?”

जमेल ना म्हणे! मी आधी कीबोर्डवरची धूळ झटकली, मग पाहिलं. उजवीकडे तीन फायली, डावीकडे एक. पोरगा भलताच उदार निघाला! वर फोल्डरचं नाव असतं, पण एकदा डावं-उजवं ठरल्यावर वाचतंय कोण? डावीकडच्या सात नंबरला फोन लावला, “योग नाही हो.” गृहस्थांनी फोनच ठेवून दिला. उजवीकडच्या तिघांना आग्रहाचं आमंत्रण दिलं.

रविवारी पहिलं कुटुंब आलं. मृणालिनीने मला स्वयंपाकघरात ओढलं.

“हे कोण?”

“पसंत!”

“अहो, यांना नाही कळवायचं होतं!”

तेवढ्यात बेल वाजली. मग पुन्हा वाजली. हॉलमध्ये बारा पाहुणे, कढईत पाच जणांचे पोहे!

मिहिरचा चेहरा पांढराफटक. “बाबा, गार्गी शुक्रवारपासून माझा फोन उचलत नाहीये. सात नंबरला काय सांगितलंत?”

धावत जाऊन संगणक बघितला. डावीकडे वर स्वच्छ लिहिलं होतं, ‘पसंत’! धूळ झटकताना भलतीच बटणं दाबली गेली आणि खिडक्यांनी जागा बदलल्या. पोराला आयुष्यात एक मुलगी मनापासून आवडली, आणि बापाने तिलाच नकार कळवला!

मिहिर रिक्षा पकडून तिच्या घरी पळाला. मी तिन्ही घरच्यांची हात जोडून माफी मागितली. त्यांनी पोहे संपवून मगच रागावायचं ठरवलं.

साडेसातला गार्गी आली, वडिलांना घेऊन. मी मान खाली घालून उभा.

“काका, कुठाय तो तुमचा फाईल मॅनेजर?”

मी निमूट खुर्ची दिली. तिने स्वतःची फाईल उघडून पाहिली, हसली, आणि खटाखट काहीतरी टाईप केलं.

“झालं. आता अशी चूक होणार नाही.”

“वा! काय केलंस?”

“पासवर्ड घातला.”

लग्न ठरलं. पासवर्ड मिहिरला माहीत आहे, मृणालिनीला माहीत आहे, शेजारच्या वनमालाबाईंनाही माहीत आहे. मला कधी सांगायचा, ते घरात विचाराधीन आहे.