पाच किलो मीठ आणि साडेचौदा मिनिटे

रविवार, दिनांक १६ नोव्हेंबर २०२५. सकाळचे नऊ वाजून सतरा मिनिटे. बादली एक, मीठ पाच किलो, पंच एक. एवढ्या सामग्रीवर मी शेवगाव तालुक्यातले एक अत्यंत हट्टी भांडण जेवणाच्या वेळेआधी मिटवणार होतो. तशी मी चारचौघांत घोषणाच केली होती!

भांडण माझे आणि आसारामचे. आमची विहीर सामायिक, पंप सामायिक, पाइपलाइन सामायिक. यंदा विहिरीला पाणी उदंड. टंचाई आहे ती विजेची. दिवसा आठ तास मिळतात. पहिले चार माझे, पुढचे चार त्याचे. माझे वावर विहिरीला लागून आहे, आणि त्याचे बरोबर सातशे त्र्याऐंशी मीटर लांब. हे अंतर मी स्वतः टेपने मोजलेले आहे. दोनदा.

मे महिन्यात आसाराम एकदम म्हणाला, "बाराला तुझी पाळी संपती. पर पानी काय इमानानं येतंय व्हय? ते पाइपातून चालत येनार! तेवढी मिनिटं माझी. ती तुझ्या पाळीतून काप!"

"किती मिनिटे?" मी विचारले.

"अर्धा तास!"

"अर्ध्या तासात पाणी पाथर्डीला पोहोचेल!" मी म्हणालो. तिथून बोलणे कामापुरतेच उरले. जो मला चाळीस वर्षे 'आप्पा' म्हणत आला, तो मला 'आप्पासाहेब' आणि 'तुमी' म्हणू लागला. माझे नाव आप्पासाहेबच आहे, परंतु त्याच्या तोंडून ते नोटीस आल्यासारखे वाटे.

ही पाइपलाइन आम्ही दोघांनी १९८६ साली टाकली होती. मी नोकरीतून पंधरा दिवसांची रजा काढली होती. तीन इंची पाइप आसारामच्या बैलगाडीतून आले. चर त्याने खणला, सांधे मी जोडले, आणि शेवटच्या सांध्यातून पहिले पाणी उसळले तेव्हा आम्ही दोघे अंगातल्या सदऱ्यांसकट त्याखाली उभे राहिलो. त्या दिवसापासून सुटीत, आणि निवृत्तीनंतर रोज, विहिरीच्या काठावर आमचा सकाळचा चहा ठरलेला. मे महिन्यापासून मी तो घरात, एकटाच, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत पीत होतो.

म्हणून मी प्रयोगाचा निर्णय घेतला. तंत्रनिकेतनात आमचे मुळे सर पाइपातल्या पाण्याचा वेग मिठाने मोजायला शिकवत. एका टोकाला मिठाचे पाणी सोडायचे आणि दुसऱ्या टोकाला ते कधी पोहोचते ते पाहायचे. प्रयोगशाळेतले उपकरण कायम बंद असे. तेव्हा सर धोतराचा सोगा सावरत खाली बसायचे आणि तोटीचे पाणी बोटाने जिभेवर घेत म्हणायचे, "लिहा रे! खारट! बेचाळीस सेकंद!" त्या प्रयोगवहीत मला वीसपैकी अठरा गुण आहेत. वही अजून आहे. वाळवीने फक्त मुखपृष्ठ खाल्ले.

निरोप्या आणि पंच म्हणून मी वैजनाथभाऊंना, म्हणजे आमच्या निवृत्त ग्रामसेवकांना, धाडले. आसारामचे उत्तर आले : "मोजू द्या. पर चव मी घेनार! दुसऱ्याच्या जिभेवर माझा इश्वास न्हाई. आन् मीठ खरंच टाकत्यात का, ते तुमी हिरीवर उभं राहून बघा."

तर नऊ सतराला वैजनाथभाऊंच्या साक्षीने मी पंपाच्या सक्शन पाइपवरची छोटी तोटी उघडली आणि खाऱ्या पाण्याची अख्खी बादली पंपाने उसासा टाकत गिळली. ही वेळ माझ्या पाळीतली होती, याची नोंद घ्यावी! माझा वॉल, म्हणजे पाइपावरची झडप, बंद; आसारामचा उघडा. फोन कानाला, घड्याळ हातात.

"आसाराम, पाणी कसे लागते?"

"अळनी."

दहा मिनिटे. "आता?"

"अळनी."

पंधरा मिनिटे. वीस. पंचवीस!

"आप्पासाहेब," फोनमधून ढेकर ऐकू आला, "पन्नास वंजळी पानी पिलो. प्वाट नगाऱ्यावानी झालंय. तुमी मीठ टाकलंय का साखर?"

"अरे, भाऊंनी डोळ्यांनी पाहिले!"

"मंग मीठ गेलं कुठं? पाइपात मुक्कामाला ऱ्हायलं?"

चाळीस मिनिटे झाली तेव्हा माझ्या अठरा गुणांना घाम फुटला. पाच किलो मीठ जमिनीखाली बेपत्ता! वैजनाथभाऊ आणि मी तावातावाने आसारामच्या घरी निघालो. तो शेताकडून पोट धरून आला. अंगणातच तुंबळ जुंपणार, तोच त्याच्या पत्नी मुक्ताबाई कपबश्या घेऊन बाहेर आल्या.

"आधी च्या घ्या. मंग भांडा."

वैजनाथभाऊंनी घोट घेतला. त्यांचे डोळे विस्फारले, भुवया टोपीत शिरल्या. पण ते जन्माचे सभ्य गृहस्थ. "झकास!" असे म्हणून त्यांनी तो औषधासारखा संपवला. मी घोट घेतला आणि ओरडलो,

"खारट! चहा खारट आहे!"

"घ्या!" मुक्ताबाईंनी ट्रे आपटला. "आता माझ्या च्यालाबी नावं?"

"वहिनी, पाणी कुठले?"

"रांजनातलंच. भाऊ येनार म्हनून पेलाभर दारातल्या तोटीचं वाढवलं."

ती तोटी पाइपलाइनवरचीच! मीठ तिथून गेले होते! मी आसारामकडे वळलो. तो बशी तोंडाला लावून भुरके मारत होता.

"गोड हाय की!" तो म्हणाला.

 मुक्ताबाईंनी पदराने कपाळ पुसले.

"आवं, ह्यांला काय इचारता? दाढंत तंबाखू हाय चाळीस वर्सं! दिवाळीत कालवनात मीठच इसरले हुते, तर दोनदा मागून खाल्लं!"

वैजनाथभाऊंना ठसका लागला. मी मात्र तीच वही काढली. "वहिनी, पेला भरला तेव्हा नेमके किती वाजले होते?"

"घड्याळ कोन बघतंय? तोटी बंद केली आन् आमच्या लेकीचा, ज्योतीचा फोन वाजला."

फोनमध्ये नोंद होती : नऊ पंचवीस. सेकंद कळले नाहीत, ही उणीव मी मान्य करतो. तोटीचे अंतर चारशे बत्तीस मीटर, वेळ आठ मिनिटे. वेग सेकंदाला नव्वद सेंटिमीटर! म्हणून आसारामच्या वावरापर्यंत साडेचौदा मिनिटे. मुळे सरांच्या आठवणीने मी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

"आसाराम," मी गंभीरपणे म्हणालो, "रोज साडेचौदा मिनिटे तुझी. माझ्या पाळीतून काप."

त्याने बशी खाली ठेवली. "न्हाई रं आप्पा. दहा बास."

सहा महिन्यांनी 'रं' ऐकला! मी साडेचौदावर अडलो, तो दहावर. भांडण पुन्हा पेटणार, इतक्यात मुक्ताबाई कपबश्या गोळा करत म्हणाल्या,

"कसली मिनिटं? वॉल कुठंय? आपल्या वावरात, शेवटाला. पाइप तर कायम भरल्यालाच असतो. मी वॉल फिरवला की त्याच दमाला पानी येतंय. मीच फिरवते ना रोज!"

 बाराला मी विहिरीवर माझा वॉल बंद केला, मुक्ताबाईंनी तिकडे त्यांचा उघडला. फोनमध्ये शब्दाआधी पाण्याचा आवाज आला. भरलेल्या पाइपाच्या एका टोकाला पाणी ढकलले की दुसऱ्या टोकाला लगेच बाहेर पडते, हे त्याच वहीत, मिठाच्या प्रयोगाच्या आदल्याच पानावर, माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे.

"आप्पा," फोनवर आसाराम म्हणाला, "सकाळी च्या हिरीवर. साखरंचा डबा तूच आन."

वहीत मी शेवटची नोंद केली. आसारामला देय वाढीव वेळ : शून्य मिनिटे.