शुक्रवारची फॅमिली

बायडाबाई कतारला आल्या होत्या त्या एक वाक्य बोलायला. वाक्य गावाहून निघतानाच तयार होतं. विमानात त्यांनी ते दोनदा मनाशी म्हणून पाहिलं होतं. आता महिना संपत आला, तरी ते ओठांबाहेर पडलं नव्हतं. तसं साधंच होतं: "पुरं झालं, आता घरी चला." पोपटरावांच्या नोकरीचा करार संपत होता आणि पुढच्या दोन वर्षांचा कागद रविवारी सहीला येणार होता. बायडाबाईंचं विमान शनिवारी. आणि आज गुरुवार उजाडून मावळलाही होता.

पण बोलायचं कधी? पोपटराव हमद पोर्टवर ट्रेलर चालवायचे. पहाटे जायचे, दिवेलागणीला यायचे, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे चार खोलीसोबतीही यायचे. दापोलीचे मुनाफभाई गोदामात कारकून होते. त्यांनीच ओळखीच्या घरातली मागची खोली महिन्याभरासाठी या जोडप्याला मिळवून दिली होती, तेव्हा त्यांना नको कसं म्हणणार? त्यांच्याबरोबर त्यांचा मावसभाऊ फजल, बीडकडचा प्लंबर किसन आणि साठीला टेकलेले शिंपी कासमचाचा. बायडाबाईंच्या हातची भाकरी खायची आणि आपापल्या घरचं बोलायचं, हा त्यांचा रोजचा नेम. कुणाची मुलगी बारावीला, कुणाच्या आईचे गुडघे. बायडाबाई मायेने ऐकायच्या. सगळे उठेपर्यंत पोपटराव भिंतीला टेकून घोरत असायचे. बुवांनी पूर्वरंगच घोळवत राहावं आणि कथा सुरू व्हायच्या आत आरती व्हावी, तशी बायडाबाईंची गत झाली होती.

म्हणून त्यांनी शुक्रवार मागून घेतला होता. समुद्राकाठी एक मोठी बाग होती. तिथे जाऊन दोघांनीच बसायचं.

भाकरीचा शेवटचा तुकडा मोडता मोडता पोपटरावांच्या तोंडून ते निसटलं. "उद्या आम्ही बागेत चाललोय."

किसनने तोंडाशी नेलेला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"कंच्या? त्या फाटकाच्या?" किसनने विचारलं.

"असं काय हाय त्या फाटकात?" बायडाबाई म्हणाल्या.

"वहिनी, शुक्रवारी तिथं फक्त फॅमिली सोडतात. आमच्यासारख्या एकट्यांना न्हाई. त्या बागेतल्या गवताला पाणी देणारा पाइप मी टाकलाय. मळका युनिफॉर्म घालून गेलो की सलाम करून आत घेत्यात. शुक्रवारी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो की म्हणत्यात, बॅचलर, बाहेर व्हा."

"मी बारा वर्षांत जाळीतूनच बघितलीय," कासमचाचा हळूच म्हणाले.

बायडाबाईंनी कासमचाचांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. आपलं वाक्य आठवत असतानाच त्यांच्या तोंडून दुसरंच बाहेर पडलं. "मग चला की समदे. बाई हाय न्हवं बरोबर."

पोपटरावांनी बायकोकडे पाहिलं. बायडाबाईंनी परातीकडे.

शुक्रवारी नमाज झाल्यावर सगळे मुनाफभाईंच्या गाडीतून निघाले. गाडी अर्थात पोपटराव चालवत होते. बागेपाशी जत्रा लोटलेली. गाडी लावायला तीळभर जागा नव्हती.

"तुमी व्हा पुढं," पोपटराव म्हणाले. "मी गाडी लावून आलोच."

फाटकावर एक नेपाळी पहारेकरी उभा होता. त्याने एक बाई आणि चार पुरुष असा हिशेब डोळ्यांनीच केला आणि मान हलवली. "मैडम, एक आदमी ठीक है. चार बॅचलर नहीं."

मुनाफभाईंनी डोकं खाजवलं. मागच्या बाजूला बाहेर पडायचं एक छोटं दार होतं. "वहिनी, एकेकाला न्या. आत सोडलंत की मागून निघा, वळसा घालून परत पुढं या. तेवढ्यात पोपटराव येतीलच."

बायडाबाईंनी पदर खोचला आणि आधी मुनाफभाईंना घेतलं.

"ये कौन?"

"भाई."

पहारेकऱ्याने त्यांच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू पाहिलं, मग मुनाफभाईंची टोपी पाहिली. "सगा?"

"सगे से जास्ती. मुनाफ नाम है."

त्याने ओळखपत्र पाहिलं आणि सोडलं. बायडाबाई आत गेल्या, मागून निघाल्या, कुंपणाला वळसा घालून पुन्हा हजर. या खेपेला किसन.

"ये?"

"दीर. हमारे घर का छोटा. किसन."

तिसऱ्या खेपेला फजल. "ये वो पयलेवाले भाई का भाई." हे तर खरंच होतं, त्यामुळे बायडाबाईंचा आवाज चांगला खणखणीत लागला. चौथ्या खेपेला त्यांना धाप लागली होती. पहारेकऱ्याने स्वतःची खुर्ची पुढे केली.

"और ये बुजुर्ग?"

"मामा. कासममामा."

"मैडम," तो हसू दाबत म्हणाला, "आपकी फॅमिली बहुत बड़ी है."

"देव की किरपा."

कासमचाचा आत गेले आणि त्यांनी चपला काढून गवतावर पाय ठेवला. बायडाबाई क्षणभर बघत राहिल्या. मग लगबगीने निघाल्या आणि वळसा घालून पाचव्यांदा फाटकाशी आल्या, तर समोर घामाघूम पोपटराव. पहारेकऱ्याने त्यांना आडवा हात घातला होता.

"माझी बायको आत हाय म्हणतोय ना मी."

"सब यही बोलता है."

"ती बघा, आली."

पहारेकऱ्याने वळून पाहिलं. "ये मैडम? इनके तो चार लोग अंदर गए. आप कौन हो?"

"आवं, हे..." बायडाबाई म्हणाल्या आणि अडल्या. "ये मालिक है."

"किसका मालिक?"

"मेरे. मतलब, घर के."

"नाम बोलो."

बायडाबाईंनी खाली पाहिलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलं असेल तर ते उखाण्यात, तेही चार बायकांनी वाट अडवल्यावर.

"मैडम, चारों का नाम तो फटाफट बोला."

"पोपट..." पोपटरावांनी सुरुवात केली.

"आप चुप. मैडम बोलेगी."

"मोनाली के पप्पा," बायडाबाई पदराआडून पुटपुटल्या.

पहारेकऱ्याने ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं. "ये नाम इसमें नहीं है."

"उखाणा घे की," पोपटराव कुजबुजले.

"पूजा न्हाई, बारसं न्हाई, आन पोलिसापुढं उखाणा घेऊ?"

"बस, खलास," पहारेकरी म्हणाला. "आप जाओ मैडम. ये पक्का बॅचलर है."

वैकुंठाच्या दारात जय-विजयांनी सनकादिकांना अडवलं होतं खरं, पण ते खरेच बॅचलर होते, त्यांच्या बायकोची परीक्षा घ्यायचा प्रश्नच नव्हता. बायडाबाईंनी एकदा आत पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग त्या फाटकाशेजारच्या फुटपाथच्या कडेला जाऊन बसल्या. पोपटराव शेजारी टेकले.

"झालं तुझं दानधर्म करून?" ते म्हणाले. "समद्या गावाला आत घातलंस आन नवरा बाहेर."

"तुमाला गाडी लावायला पाऊण तास लागतोय, त्याला मी काय करू?"

"जागा नको मिळायला?"

"ट्रेलर चालवता न्हवं? कंटेनर लावता आन गाडी लावता येईना." एवढं बोलल्यावर तोंड उघडलंच होतं. "रविवारी सही करू नका. पुरं झालं, आता घरी चला."

पोपटरावांनी गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवली. मग म्हणाले, "घरी येऊन काय करू? सुट्टीवर येतो तर तिसऱ्या दिवशी जो तो विचारतो, परत कधी? पाव्हणा झालोय मी तिथं."

"मग पाव्हणा म्हणून ऱ्हावा. सप्त्यात मी फोन वर धरून बसते, तुमाला कीर्तन ऐकू यावं म्हणून. बुवा नामाचा महिमा सांगत्यात आन फोनातून तुमचं घोरणं. समदा मांडव हसतो."

"दिवसभर राबून ऐकतो. झोप लागती."

"तेच म्हणतेय मी. झोपायचंच हाय तर तिथं येऊन माझ्या बाजूला बसून झोपा. कोपरानं ढोसायला तरी येईल मला."

"ते ढोसणं माहितीय मला. बरगडी दुखती दोन दिवस."

"दुखू दे. जागं तर व्हाल."

जाळीच्या आतून किसन ओरडला, "वहिनी, या की आत. गवत लई मऊ हाय."

"गप रे," मुनाफभाई त्याला दंडाला धरून मागे नेत म्हणाले. "बोलू दे त्यांना."

इकडे आवाज चढतच होता. बायडाबाई बोटाने रविवार दाखवत होत्या, पोपटराव दोन्ही हातांनी अडचणी. पहारेकऱ्याला मराठी कळत नव्हती. पण दहा मिनिटं ऐकल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचा संशय पार निघून गेला. तो जवळ आला.

"चलिए भाईसाब, अंदर चलिए. अब मेरे को पक्का हो गया. फॅमिली है."

"रुको जरा, भाऊ," बायडाबाई त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या. "इनका जवाब बाकी है."

त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. पोपटरावांनी फुटपाथकडे पाहिलं, जाळीआडून वळून वळून बघणाऱ्या चौघांकडे पाहिलं, आणि शेवटी बायकोकडे बघून हळूच मान डोलावली.

पहारेकऱ्याला वाटलं, आपल्यालाच होकार दिला. त्याने लगबगीने जाऊन फाटक सताड उघडलं आणि अदबीने बाजूला उभा राहिला. बराच वेळ उभा होता. पण फुटपाथवरची फॅमिली काही उठली नाही.